देवराष्ट्रेची किकवरची मोटार आणि बर्फावरची शर्यत

डिसेंबर २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका लहानशा मोटारीचा व्हिडिओ देशभर फिरला. पुढून जुन्या जीपसारखी दिसणारी, आकाराने रिक्षाएवढी आणि दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी ही गाडी कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी स्वतःच्या हातांनी घडवली होती. फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप चालवणाऱ्या या कारागिराच्या मुलाला घरात चारचाकी हवी होती आणि नवी मोटार घेणं परवडणारं नव्हतं. लोहारांनी भंगारातले सुटे भाग, दुचाकीचं इंजिन आणि रिक्षाची चाकं जमवली आणि सुमारे ६० हजार रुपयांत घरच्यांना बसता येईल अशी गाडी उभी केली.

उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी २१ डिसेंबरला हा व्हिडिओ समाजमाध्यमावर टाकला. त्यांनी कौतुक केलं आणि सोबत एक कटू गोष्टही सांगितली. ही गाडी नियमांत बसत नाही, त्यामुळे आज ना उद्या स्थानिक अधिकारी ती रस्त्यावर थांबवतील. म्हणून तिच्या बदल्यात त्यांनी लोहारांना बोलेरो देऊ केली. घरच्यांचा जीव त्या लहान मोटारीत अडकला होता, पण अखेर अदलाबदल झाली. जानेवारी २०२२ मध्ये नवी कोरी बोलेरो देवराष्ट्रेच्या घरी आली आणि लोहारांची गाडी महिंद्रांच्या संग्रहात गेली.

बातमी इथे संपली, आणि शेवट गोडच झाला. तरी मागे एक प्रश्न उरतो. अशी गाडी जो घडवतो, त्याने ती चालवायची कुठे? या प्रश्नाचं चांगलं उत्तर जगातल्या अतिथंड प्रदेशांनी शोधलं आहे. तिथे हिवाळ्यात तळी गोठतात, त्या बर्फावर गोल मार्ग आखला जातो आणि घरामागच्या शेडमध्ये जोडलेल्या लहान मोटारी त्यावर शर्यत खेळतात.

सांगली जिल्ह्यातल्याच आटपाडीच्या वाचकाला बर्फाची शर्यत फार लांबची वाटेल. माणदेशात पाण्याचीच वानवा, तिथे गोठलेलं तळं कुठून यायचं? पण या शर्यतीसाठी गाडी कशी तयार होते हे पाहिलं, की त्यातली निम्म्याहून अधिक कामं आटपाडी, विटा, कडेगाव, पलूस या पट्ट्यातल्या गॅरेजमध्ये रोज होणारी निघतात. चेसिस कापून आखूड करणं, एका गाडीचं इंजिन दुसऱ्या सांगाड्यावर बसवणं, लेथवर बुश काढून घेणं, तुटलेला एक्सल जोडणं ही इथल्या मिस्त्रींची नेहमीची कामं आहेत.

बर्फावर मोटार चालवायची म्हणजे सगळा झगडा पकडीशी असतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर रबरी टायरचा घर्षणांक साधारण ०.७ ते ०.८ असतो, गुळगुळीत बर्फावर तो ०.१ च्या आसपास उतरतो. याचा अर्थ हिशेबाने पाहू. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीचे ब्रेक दाबले, तर कोरड्या रस्त्यावर ती साधारण १४ मीटरमध्ये थांबते. त्याच वेगाला बर्फावर तिला जवळजवळ १०० मीटर लागतात. वळणावरही हीच अडचण. स्टिअरिंग फिरवलं तरी पुढची चाकं सरळ घसरत जातात. म्हणून तिथले चालक ब्रेकवर फारसे विसंबत नाहीत. वळण येण्याच्या बऱ्याच आधी ते गाडी मुद्दाम आडवी करतात, तिच्या घसरण्यानेच वेग मारतात आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या जोरावर तिला वळणाबाहेर ओढून काढतात. पावसाळ्यात ओल्या काळ्या मातीतून मोटारसायकल काढलेल्या माणसाला यातलं बरंच समजेल.

पकड कमी असल्यामुळे मोठ्या इंजिनाचा उपयोगही कमी होतो. शंभर अश्वशक्ती असूनही चाकं जागीच फिरत राहिली, तर ती ताकद वायाच. बर्फावरच्या शर्यतीत लहान, जुन्या, स्वस्त गाड्यांना मान मिळतो तो यामुळे. इथे चाकांवर वजन नेमकं कुठे पडतं हे महत्त्वाचं. जी चाकं गाडी ओढतात, त्यांच्यावरच इंजिनाचं ओझं असलेलं बरं. म्हणून पुढे इंजिन आणि पुढच्या चाकांना जोर असलेल्या लहान मोटारी तिथे लोकप्रिय आहेत. जुनी फोक्सवॅगन बीटलही बर्फावर चांगली पळते, कारण तिचं इंजिन मागे आणि जोरही मागच्याच चाकांना. आपली तीनचाकी रिक्षाही याच तत्त्वावर बांधलेली आहे.

दुसरा प्रश्न डिफरन्शियलचा. वळताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापतं, म्हणून डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतं. रस्त्यावर ही सोय आहे, बर्फावर ती आड येते. एक चाक घसरायला लागलं की ते नुसतं भिरभिरत राहतं आणि पकड असलेल्या चाकाला पुरेसा जोर पोचत नाही. घरी गाडी बांधणारे शर्यतपटू यावर सरळ उपाय करतात: डिफरन्शियलच्या आतले दाते वेल्डिंग करून कायमचे जोडून टाकतात. गो-कार्टसारख्या साखळीवरच्या गाडीत हा प्रश्नच उद्भवत नाही. तिथे मोटारसायकलच्या इंजिनापासून स्प्रॉकेटवरून साखळी येते आणि एकाच अखंड एक्सलवर दोन्ही चाकं एकत्र फिरतात.

टायरची गोष्ट याहून मजेदार आहे. काही शर्यती साध्या रबरी टायरवर होतात, काही धातूचे खिळे बसवलेल्या टायरवर. खिळे बर्फात रुतले की पकड कितीतरी पटींनी वाढते आणि वळणाचा वेगही. पण तेच खिळे समोरच्या माणसासाठी घातक ठरतात. म्हणून खिळ्यांची लांबी, संख्या आणि प्रकार यांवर आयोजकांचे कडक नियम असतात आणि खिळेवाल्या गाड्या सहसा वेगळ्या गटात धावतात.

थंडीत बॅटरीची ताकद घटते, इंजिन ऑइल घट्ट होतं आणि स्टार्टर मोटर कुंथत राहते. देवराष्ट्रेच्या गाडीच्या किकची व्हिडिओ पाहणाऱ्यांना गंमत वाटली होती. गोठलेल्या तळ्याच्या काठी मात्र बॅटरीवर अवलंबून नसलेलं इंजिन फार कामाचं ठरेल.

आणि बर्फ किती जाड हवा? अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात हजारो तळी आहेत आणि हिवाळ्यात लोक त्यावर सर्रास गाड्या नेतात. तिथल्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या सूचनेनुसार पायी चालायला किमान ४ इंच आणि लहान मोटारीसाठी ९ ते १० इंच जाडीचा, नवा, पारदर्शक बर्फ लागतो. पांढुरका, भुसभुशीत बर्फ तेवढा मजबूत नसतो, तिथे जाडी आणखी वाढवावी लागते. शर्यतीआधी ठिकठिकाणी भोकं पाडून जाडी मोजतात. हे मोजमाप झाल्याशिवाय मार्ग आखत नाहीत.

या खेळाला श्रीमंती चेहराही आहे. ऑस्ट्रियात झेल आम झे इथे १९३७ साली बर्फावरच्या शर्यती सुरू झाल्या. सुरुवातीला मोटारसायकलला दोर बांधून मागे स्कीवर उभा असलेला माणूस ओढत नेत. १९५० च्या दशकात तिथे फर्डिनांड पोर्शे यांच्या स्मरणार्थ शर्यती होऊ लागल्या. १९७४ नंतर त्या थांबल्या आणि २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. फ्रान्समध्ये १९९० पासून ‘आंद्रोस ट्रॉफी’ नावाची मालिका चालली. फॉर्म्युला वनचा चार वेळा जगज्जेता झालेल्या आलँ प्रोस्तने ती तीनदा जिंकली आणि शेवटच्या वर्षांत ती पूर्णपणे विजेवरच्या गाड्यांची झाली.

आपल्याला मात्र स्वीडन आणि फिनलंडमधली लोकांची शर्यत अधिक जवळची वाटावी. ‘फोकरेस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खेळात जुन्या, भंगारात निघालेल्या मोटारी दुरुस्त करून, आत लोखंडी पिंजरा बसवून, मातीवर आणि हिवाळ्यात बर्फावर पळवतात. इथला एक नियम विलक्षण आहे. प्रत्येक गाडीला एकच ठरलेली किंमत असते. शर्यत संपल्यावर दुसरा स्पर्धक त्या किमतीला कोणाचीही गाडी मागू शकतो आणि मालकाला नकार देता येत नाही. एका गाडीला अनेक गिऱ्हाइकं आली तर चिठ्ठी टाकतात. परिणाम असा, की कोणी आपल्या गाडीवर लाखोंचा खर्च करत नाही, कारण ती संध्याकाळी हातची जाऊ शकते. पैसेवाल्याची गाडी आणि गॅरेजमधल्या पोराची गाडी एकाच रांगेत उभी राहते. खेळ सर्वसामान्यांचा राहावा म्हणून केलेला इतका साधा आणि इतका परिणामकारक नियम क्वचितच सापडेल.

या सगळ्या खेळामागे एक मूलभूत गोष्ट आहे. गोठलेलं तळं किंवा आखलेलं मैदान हा सार्वजनिक रस्ता नव्हे. तिथे धावणाऱ्या गाडीला नंबर प्लेट लागत नाही. ती ट्रेलरवरून आणायची, शर्यत खेळायची आणि पुन्हा ट्रेलरवर चढवायची. घरी बांधलेल्या गाडीला अशी हक्काची जागा मिळाली, की बांधणारा गुन्हेगार ठरत नाही आणि रस्त्यावरच्या लोकांना धोकाही राहत नाही.

आपल्याकडे नेमकं हेच नाही. भारतात कोणतीही मोटार रस्त्यावर आणायची तर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार तिच्या नमुन्याची चाचणी पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून व्हावी लागते. ही प्रक्रिया हजारो गाड्या बनवणाऱ्या कारखान्यांसाठी आखलेली आहे. एकच गाडी बांधणाऱ्या कारागिराला तिचा खर्च आणि कागदपत्रं झेपत नाहीत. हा नियम चुकीचा आहे असं मुळीच नाही. ब्रेक निकामी झालेली घरगुती गाडी बाजाराच्या दिवशी गर्दीत शिरली तर काय होईल, याची कल्पना कोणालाही करता येते. उणीव रस्त्याबाहेरच्या जागेची आहे.

आणि हे कौशल्य या मुलखात नवं नाही. आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होती, आणि कुंडल परिसरातली ती जागाही त्याच संस्थानात होती जिथे १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या लक्ष्मणरावांना औंधच्या पंतप्रतिनिधींनी माळरानावर जागा दिली आणि त्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धाच्या काळात लोखंडाची टंचाई झाली तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा त्यांना दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले, ही हकीकत आजही सांगितली जाते. भंगारातून उपयोगाची वस्तू काढण्याची या भागाची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे.

मोटारीचंही तसंच. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ सालीच दोन माणसांची छोटी मोटार बांधली. पुढे सुमारे पंचवीस वर्षं ते तिच्या एकामागून एक सुधारित आवृत्त्या काढत राहिले. ‘मीरा’ या नावाने ती ओळखली गेली. मागे इंजिन असलेली ही गाडी १९७० च्या दशकात सुमारे १२ हजार रुपयांत विकता येईल असा त्यांचा हिशेब होता. उत्पादनाचा परवाना आणि सरकारी पाठबळ मात्र मिळालं नाही, आणि मारुती ८०० रस्त्यावर येण्याच्या कितीतरी आधी ‘मीरा’ची वाटचाल थांबली. देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांकडे सुदैवाने देशाचं लक्ष गेलं. शंकररावांच्या वाट्याला ते आलं नाही, आणि महाराष्ट्राने एक मोठी संधी घालवली असंच म्हणावं लागतं.

लोहारांनंतर काही महिन्यांतच, २०२२ मध्ये, सांगलीजवळच्या काकडवाडीचे शेतकरी अशोक आवटी यांच्या गाडीची बातमी आली. १९३० च्या फोर्डसारखी दिसणारी ही मोटार त्यांनी भंगारातून सुमारे ३० हजारांत बनवली होती. एकाच जिल्ह्यात लागोपाठ दोन गाड्या निघाव्यात हा योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. ट्रॅक्टर, ट्रॉली, उसाच्या गाड्या, डाळिंबाच्या बागांतले फवारणीचे ब्लोअर यांची दुरुस्ती करणारी शेकडो वर्कशॉप जिथे आहेत, तिथे कोणाच्या तरी मनात मोटार बांधायचं येणारच.

त्या गाड्यांपासून शर्यतीच्या गाडीपर्यंतचं अंतर कौशल्यापेक्षा सुरक्षिततेचं अधिक आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांसाठी होणारी ‘बाहा’ स्पर्धा याबाबत मार्गदर्शक ठरते. भारतात ही स्पर्धा २००७ पासून सुरू झाली. मध्य प्रदेशातल्या पीथमपूरला ती वर्षानुवर्षं होत आली आणि महाराष्ट्रातली अनेक महाविद्यालयं तिच्यात उतरत आली. विद्यार्थी खडबडीत जमिनीवर धावणारी एका माणसाची गाडी स्वतः बांधतात. पारंपरिक गटात सगळ्यांना सारखंच, साधारण १० अश्वशक्तीचं एक सिलिंडरचं इंजिन, त्यात फेरफार करायला बंदी. चालकाभोवतीच्या पिंजऱ्याची नळी कशी असावी हेही ठरलेलं: पोलादात कार्बनचं प्रमाण किमान ०.१८ टक्के, आणि मूळ प्रमाण म्हणून बाहेरचा व्यास २५ मिलिमीटर व भिंतीची जाडी ३ मिलिमीटर. बाजारात गेट आणि खुर्च्यांसाठी मिळणारा पातळ पाइप दिसायला तसाच असतो, पण गाडी उलटली की तो दबतो आणि माणूस आत सापडतो.

घरी गाडी बांधणाऱ्या प्रत्येकाने हा फरक समजून घ्यायलाच हवा. पिंजरा, पाच पट्ट्यांचा बेल्ट, हेल्मेट, चालकाला आणि बाहेरच्या माणसालाही दाबता येईल असं इंजिन बंद करायचं बटण, पेट्रोलची टाकी आणि चालक यांच्यामध्ये पत्र्याची भिंत, हाताशी आग विझवायचं सिलिंडर. या सगळ्याचा खर्च कदाचित इंजिनापेक्षा जास्त होईल. तरी त्यात काटकसर करू नये.

शर्यतीची स्वस्त गाडी भारतातही जमली होती. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मारुती ८०० चं इंजिन घेऊन एका माणसाची शर्यतीची गाडी तयार केली. परदेशी गाडी परवडत नसलेल्या कितीतरी तरुणांना ‘फॉर्म्युला मारुती’ने मैदानात आणलं. पुढे भारताचा पहिला फॉर्म्युला वन चालक झालेल्या नारायण कार्तिकेयननेही तिथूनच सुरुवात केली. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. कोइमतूरजवळची शर्यतीची धावपट्टी आज त्यांच्या नावाने ओळखली जाते.

आटपाडीच्या परिसराला शर्यतीचं वेड नव्याने लावायची गरज नाही. खिलार बैलांचा हा मुलूख, खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत जनावरांचा मोठा बाजार भरतो आणि बैलगाडी शर्यत म्हटली की माळ माणसांनी फुलून जातो. या शर्यतींवर मध्यंतरी बंदी होती आणि ती उठण्याचा मार्गही नियमांतूनच गेला. १६ डिसेंबर २०२१ ला, म्हणजे लोहारांच्या गाडीचा बोलबाला होण्याच्या पाचच दिवस आधी, सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला शर्यतींची परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, धावपट्टी १००० मीटरपेक्षा लांब नाही, जनावरांना इजा नाही, अशा अटी घालून खेळ कायद्याच्या चौकटीत आला. जे बैलांच्या शर्यतीला जमलं, ते घरी बांधलेल्या लहान मोटारींना का जमू नये?

त्यासाठी बर्फ लागत नाही. मुरमाड माळावर आखलेला एक बंदिस्त मार्ग, त्याभोवती मातीचे बांध आणि प्रेक्षक दूर ठेवणारं कुंपण एवढं पुरे. इंजिनाची मर्यादा ठरवावी, पिंजऱ्याची तपासणी सक्तीची करावी, खर्चाला स्वीडनसारखी वेसण घालावी. सांगलीचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय, जिल्ह्यातल्या आयटीआय संस्था आणि देशातल्या मोटर स्पोर्टचं नियमन करणारी ‘एफएमएससीआय’ यांनी एकत्र बसून असा एक गट आखावा. महाविद्यालयातल्या मुलांकडे गणित आणि रेखाटनं आहेत, गॅरेजमधल्या मिस्त्रींकडे हात आहेत. दोघांनी मिळून बांधलेली गाडी कोणा एकाच्या गाडीपेक्षा नक्कीच सरस होईल.

आणि ज्यांच्या शेडमध्ये अशी गाडी अर्धी उभी आहे, त्यांना एकच विनंती. पूर्ण झाल्यावर ती गावच्या रस्त्यावर किंवा महामार्गावर काढू नका. सार्वजनिक रस्त्यावर वेगाची शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार गुन्हा आहे. आधी पिंजरा आणि ब्रेक एखाद्या जाणत्या अभियंत्याला दाखवा, मग मालकाच्या परवानगीने मोकळ्या, कुंपण असलेल्या जागेत हेल्मेट घालून तिची पहिली फेरी घ्या.